चार दिवस कुठंतरी

जोहान्सबर्गहून म्फात्सोने दोन फोटो पाठवले.
एकात निळं पाणी, गवताची छत्री, एक रिकामी खुर्ची.
दुसऱ्यात उघडी जीप, आणि जीपएवढाच हत्ती.
खाली लिहिलेलं: आई, बाबा, पैसे टाकलेत,
चार दिवस कुठंतरी जा. दोन्हींतलं एक निवडा.
आणि त्या पैशांत छपराचे पत्रे बदलू नका.

वायसोनी चष्मा पुसत म्हणाला, तळं.
गार वारा, तळलेला चांबो मासा,
आणि उठवायला कोणी नाही.
मी म्हणाले, प्राणी.
छत्तीस वर्षांच्या संसारात
मिठावरूनसुद्धा आमचं इतक्या पटकन फाटलं नव्हतं.

मी तळ्याकाठची, हे त्याला ठाऊक होतंच.
पण तळं म्हणजे पहाटेचे तीन, हे ठाऊक नव्हतं.
वडिलांची होडी वाळूला लागायची,
आणि आम्ही चौघी बहिणी पाटीत उसिपा भरायचो.
बोटाएवढे मासे. मोजायला बसलं तर आभाळ.
बांबूच्या मांडवावर पसरायचे, उलटायचे, कावळे हाकायचे.
शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे.
लग्नाच्या दिवशी मी लिंबाने हात घासले होते.
अजूनही घासते, कधी कधी, उगाच.

मग त्याने दुसरा फोटो पालथा घालावा तसा
फोन पालथा ठेवला.
उलोंग्वेला त्यांचं मक्याचं शेत, शेतात मचाण,
मचाणावर तो आणि धाकटा लाझारो,
दोघांत मिळून एक पत्र्याचा डबा, एक काठी.
हत्तीची चाहूल लागत नाही, तो म्हणाला.
एवढं मोठं धूड, आणि चाहूल नाही.
आधी चांदण्या जातात.
मग मका मोडतो.
लाझारो खाली उतरला होता, लघवीला.

छत्तीस वर्षांत हे नाव
मी दोनदाच ऐकलं होतं.
मी दिवा बारीक केला.

सकाळी मीच म्फात्सोला कळवलं: तळं.

खोलीत टॉवेलचा हंस करून ठेवलेला.
तो मोडायचा कसा, म्हणून वायसोनीने
दोन दिवस अंग शर्टानेच पुसलं.
तिसऱ्या रात्री हिरवळीवर पाणघोडा आला,
करकर चरत, दिव्याच्या उजेडात, निवांत.
हा न्हाणीघरातून बादली घेऊन धावला.
बडवणार, तेवढ्यात पहारेकरी पोरगा म्हणाला,
चरू द्या, बाबा. गवत मालकाचं आहे.
वायसोनी कितीतरी वेळ बादली धरून उभा.
मग ती उलटी केली, वर बसला,
आणि बघत राहिला.
उजाडेपर्यंत, मला वाटतं.

कारण मला तीनला जाग आली तेव्हा
शेजारची चादर गार होती.
पाण्यावर लांब दिव्यांची ओळ.
होड्या आल्या. पोरी पाट्या घेऊन धावल्या.
एकीच्या पाटीतून ओंजळभर सांडले,
मी वाकले, सवयीने.
ती म्हणाली, राहू द्या, मॅडम, हाताला वास येईल.

मॅडम.

मी तिथेच वाळूत बसले.
कोरडे हात घेऊन तळ्याकडे
नुसतं बघायचं कसं,
हे कोणी कधी शिकवलं नव्हतं.
हात कुठे ठेवायचे तेच कळेना.
शेवटी काखेत घातले.

निघताना वाळवलेला उसिपा घेतला, अर्धं पोतं.
बसमध्ये लोक नाकं मुरडून पुढे सरकले,
आमच्या शेजारची जागा ब्लँटायरपर्यंत रिकामी.
ऐसपैस बसता आलं असतं.
वायसोनी उलट माझ्याच बाजूला सरकला,
पोतं मांडीवर घेतलं,
आणि मान टाकून झोपला.